दुकानाच्या पहिल्या दिवसाचं पीठ

आये,

तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं. जिवंतपणी पाठवलं असतं तरी वहिनीनेच वाचून दाखवलं असतं, आणि वहिनीसमोर हे बोलायची माझी छाती नव्हती. दुकान उघडलं त्या दिवशी मी तुला चारचौघांत बोलले, त्याबद्दल आहे हे. तू म्हणशील, सोड गो आता. नाय सुटत.

झालं काय, काल तुझ्या नातीने शाळेचा प्रकल्प काढला. विषय कसला, तर पिझ्झा! आईचं रोह्यात पिझ्झाचं दुकान, म्हणून बाईंनी हिलाच दिला. वही घेऊन ओट्याशी उभी. "मम्मी, सांग ना, कुणी शोधला?" म्हटलं, बाई गं, तो काय कुणा एकाने शोधलाय? इटलीत नेपल्स म्हणून बंदर आहे. तिथले हमाल, कोळी, हातावर पोट असलेली माणसं. घरात धड चूल नाही, बसून जेवायला वेळ नाही. मग रस्त्यावर भट्टीतली चपटी रोटी घ्यायची, वर लसूण, चरबी, मिळाली तर बारकी मासळी, आणि उभ्या उभ्या खायची. टोमॅटो परमुलखातून आलेला, लोक त्याला विषारी समजून बिचकायचे. गरिबांनी आधी खाल्ला. पुढे हीच माणसं पोटासाठी बोटीत बसून अमेरिकेला गेली, आपली रोटी सोबत घेऊन गेली, आणि तिथून ती जगभर झाली. पोरगी मोबाइलमध्ये बघून मलाच शिकवायला लागली, जपानात वर माकूळ मासळी घालतात, ब्राझीलात मटार. आणि आमच्या दुकानात येणारे शेजारच्या वरसे गावातले? पनीर घालून वर शेव मागतात मेले.

हे सगळं मी तुलाही सांगितलं होतं. पनवेलच्या हॉटेलात शिकून आले होते, अंगात नुसता उत्साह. तू पडवीत सुकट निवडत बसली होतीस. ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे मिठागरातल्या बायांसारखीच व्हय ती." खरंच की. दुपारी मिठाच्या वाफ्यातून वर यायच्या तुम्ही, तीन दगडांवर शिळी भाकरी तापवायच्या, वर सुकट नि लसूण टाकायच्या, आणि उभ्यानेच खाऊन परत टोपली डोक्यावर. मी म्हटलं, कुठल्याशा राणीला आवडला म्हणून पिझ्झ्याचं नाव झालं असंही सांगतात, खरं-खोटं देव जाणे. तू फणकारलीस, "राणीनं खाल्ला एक दिस. थापनारी रोजच थापत व्हती ना?" मग सुकटीचे हात झटकलेस आणि हुकूम सोडलास, "तुज्या दुकानाचं पयलं पीठ मी मळनार. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नको."

त्या सकाळी तू गावाहून, जित्याहून, पहिल्या गाडीने येतेस. नवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी. मी परातीत मैदा घेऊन बसलेय आणि तेवढ्यात भट्टीचं गॅसकनेक्शन बघायला माणूस येतो. मी उठते. तू बांगड्या मागे सारतेस आणि विचारतेस, "मीठ घातलंस का गो?" माझं लक्ष त्या माणसाकडे. "नाय घातलं, तूच घाल," म्हणून मी बाहेर. तू मूठभर घालतेस. आयुष्यभर तुझं माप मुठीचंच. आमटी असो नाहीतर पापडाचं पीठ, कधी कमी नाही की जास्त नाही.

दुपारी सासरचे, ह्यांच्या कंपनीतले, सगळे हजर. पहिला घास घेतला आणि तोंडं वाकडी. कुणीतरी कागदात थुंकलं, आये. सासूबाई म्हणाल्या, "अगो, खारट वख!" माझं डोकंच फिरलं. तू परात घासत होतीस, तिथे येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "जन्म मिठागरात गेला आणि मिठाचा अंदाज नाय तुला? जमत नाय तर हात कशाला लावतेस?" तू परात खाली ठेवलीस. उजवा तळवा उघडून बघत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "आमचं खड्याचं मीठ गो. ह्ये बारीक. मुठीत जास्त बसलं असंल." संध्याकाळच्या गाडीला एकटीच गेलीस. मी स्टेशनपर्यंतसुद्धा आले नाही.

तू गेल्यावर दिवसकार्याला वहिनीने सांगितलं, त्या दिवसानंतर तू कालवणात मीठ घालणंच सोडलंस. सगळं करायचीस, आणि मिठाची वेळ आली की तिला हाक मारायचीस, "तू घाल गो, माजा हात गेला." तीन वर्षं, शेवटपर्यंत. वहिनीला वाटलं, वयामुळे. मी तिथे पदर तोंडात कोंबून रडले. बायकांना वाटलं, आईसाठी रडते.

तुझा हात गेला नव्हता. मीठ मी आधीच घातलं होतं. तू यायच्या आधी, मोजून, चमच्याने, मैद्यातच मिसळलं होतं. तू विचारलंस तेव्हा विसरले होते, देवाशपथ. पण त्याच दुपारी, पाहुणे गेल्यावर ओटा पुसताना फोडलेली मिठाची पुडी आणि आतला चमचा दिसला, आणि लक्कन आठवलं. तेव्हा तू आत दाराशी पिशवी भरत होतीस. दहा पावलांवर. एका वाक्याचं काम होतं. पण सगळ्यांसमोर एवढं बोलून बसले होते, आता कुठल्या तोंडाने? म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपा बऱ्याच झाल्या. गणपतीला आलीस, हिच्या बारशाला आलीस. प्रत्येक वेळी तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बसलीस, आणि मी तुला चहा नेऊन दिला.

काल प्रकल्प लिहून झाल्यावर पोरीने विचारलं, "आजीने कधी पिझ्झा केलेला?" आये, मला वाटलं आता तरी बोलावं. आणि तोंडातून काय निघालं? "एकदाच केला. खारट झाला होता." ती खळखळून हसली आणि तेवढं वाक्य तिने वहीत शेवटी लिहिलं. आज वर्गात वाचून दाखवणार आहे. आता साडेअकरा वाजलेत, वाचलंही असेल, पोरं हसलीही असतील. ती यायच्या आत हे कागद कपाटात साड्यांखाली ठेवते. तिच्या हाती लागू नयेत म्हणून.