खोबऱ्या आंब्याची वाटणी

प्रिय भालचंद्र,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. वयाला दोष देऊ नकोस. कारण शेवटी सांगतो. तोवर उलटतपासणी न करता वाच.

हैदराबादेत तुझी वकिली जोरात आहे म्हणे. असणारच. वाटणीत बांधावरचा खोबऱ्या आंबा तू इतक्या सफाईनं आपल्याकडे ओढलास, की सही करताना मीच तुझे आभार मानले. आता मला न विचारता तो परतूरच्या लाकूडवाल्याला विकलास. अण्णांनी कावडीनं पाणी घालून वाढवलेलं झाड! लहानपणी तू त्याच्या खोडाला पाठ घासायचास, खाज तेव्हापासूनचीच.

झाड तुझं, मान्य. पण त्याची जात तुझ्या एकट्याची नव्हे. कोय लावून तो खोबऱ्यासारखा गर पुन्हा मिळत नाही, हे अण्णांनी करून पाहिलं होतं. म्हणून आषाढात मी झाडाभोवती मचाण बांधलं, कुंड्यांतली साधी रायवळ रोपं वर चढवली आणि साल तासून एकेकाला खोबऱ्याची जिवंत फांदी बांधली. सांधा जुळला की फांदी आईपासून, म्हणजे मूळ झाडापासून, कापायची. त्याआधी आई पडली, तर सगळी कलमं वाळतील.

परवा लाकूडवाल्याचा कचरू कुऱ्हाड घेऊन आल्ता. चिंध्यांनी बांधलेल्या कुंड्या पाहून त्याला ही करणीच वाटली. मी वर पानांआड पाणी घालत होतो. खर्जात रामाच्या विभक्ती सुरू केल्या, रामः रामौ रामाः. षष्ठीपर्यंत पोचायच्या आत कचरू बांधापार! विद्येचा एवढा रोकडा उपयोग जन्मात झाला न्हाई. तुझी वहिनी भाकरी घेऊन आल्ती, ती खालून म्हणते, अहो, मोहर झाडाला यायचा, तुम्हालाच कसा काय आला? उतरा जल्दी.

उतरलो न्हाई. येत्या सोमवारी लाकूडवाला स्वतः माणसं घेऊन येतोय, आणि त्याला विभक्ती पुरायच्या न्हाईत. म्हणून अंथरूण, पंचा, दौत घेऊन मी मचाणावर राहायला आलोय. हे पत्र तिथूनच. वाचताच त्याला तार कर, दसऱ्यापर्यंत थांब म्हणावं. सांधे जुळले की मी उतरीन, मग झाड खुशाल पाड. कलम मात्र तुला एकही देणार न्हाई.

तार केली नाहीस, तर कुऱ्हाडवाल्यांना निदान एवढं कळव, की वर तुझा थोरला भाऊ आहे. झाड तुझ्याकडं गेलं. भाऊ कुणाकडं, हे वाटणीत लिहायचं आपण दोघंही विसरलो.

तुझाच, जन्मानं, निवडीनं नव्हे,
दीनानाथ