कांदा शिकायला हॉलंडला

नाशिकरोड,
मंगळवार, जुलै १९८२

चिरंजीव सुगत यास, राहुरी मुक्कामी, आजी चंद्रभागाबाईचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहेत. तू कसा आहेस, मेसवाला भाजीत भाजी घालतो का, पावसात भिजत हिंडत नाहीस ना, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. तू "बरं आहे" एवढंच लिहिणार हे मला ठाऊक आहे. तुझ्या आईचा खोकला थांबला. तुझा बाप केरू ओझरच्या विमान कारखान्यात वेळेवर जातो आणि घरी आला की सुतक असल्यासारखा बसतो, त्याचं कारण पुढे येईल. माझा पाय बरा आहे. मोरीत घसरले ते खरं, पण मोडलं काही नाही. डॉक्टर म्हणाला, म्हातारीचं हाड जुन्या सागवानाचं आहे (पैसे मात्र त्यानं नव्या सागवानाचे घेतले). पत्र मी स्वतः लिहिते आहे. शेजारची वत्सलाबाई लिहून देते म्हणाली होती, पण मी सांगते एक आणि ती लिहिते दुसरं, आणि मध्येच तिच्या जावयाची हकिकत घुसवते. माझी शाळा दुसरीपर्यंतची. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, तुला एवढं शिकवलंय कशाला.

तर तुझं पत्र आलं. केरूनं मोठ्यानं वाचलं. हॉलंडच्या विद्यापीठानं बोलावलंय, शिष्यवृत्ती मिळालीय, साठवलेला कांदा का सडतो हे दोन वर्षं तिकडे शिकायचं, आणि तू मात्र या महिन्याअखेर नकार कळवणार. का, तर आजी पडली, आजीचं वय झालं, मागे काही बरंवाईट झालं तर येता यायचं नाही. एवढं वाचून केरू चष्मा पुसायला लागला. मी म्हटलं, पुढं वाच. तर पुढं नुसतं "सर्वांना जयभीम". म्हणजे माझ्या नावावर एवढी मोठी गोष्ट मोडलीस आणि मला विचारायला अर्धी ओळ खर्च केली नाहीस.

आता अडचण अशी की तुझा सत्कार ठरून बसला होता. हॉलंडचं बोलावणं आलं तेव्हा तुझ्या बापानं कारखान्यात आणि कॉलनीत पेढे वाटले, त्याचं हे फळ. आपल्या मंडळाचे अध्यक्ष सहादूभाऊ (ज्यांना सत्कार करायला बऱ्याच दिवसांत कुणी सापडलं नव्हतं) यांनी लगेच रविवार धरला, लाऊडस्पीकर सांगितला आणि समाजमंदिराच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, "व्याख्यान: परदेशी शिक्षणाचे फायदे". तुझी परीक्षा आहे म्हणून तुझ्या वतीनं शाल मी घ्यायची, हेही ठरलं होतं. केरू म्हणाला, आता भाऊंना जाऊन सांगतो की पोरगा जात नाही. एकदा गेला तर भाऊ जेवत होते. पुन्हा गेला तर भाऊंकडे पाहुणे होते. त्यानंतर गेला तर भाऊंनीच त्याला पताकांसाठी दोरा आणायला बाजारात पिटाळलं, आणि तुझा बाप दोरा आणून, स्वतः शिडीवर चढून पताका लावून घरी आला. विमानाचं इंजिन जोडणाऱ्या माणसाला एक वाक्य जोडता येईना.

रविवारी समाजमंदिर भरलं. वंदना झाली, मला खुर्चीवर बसवलं, हार घातला, शाल घातली (शाल लोकरी आहे, हलकी नाही). व्याख्यानाला मुंबईहून एक प्राध्यापक यायचे होते, इंग्लंडला राहून आलेले. ते येईनात. मागाहून कळलं की ते एक स्टेशन आधी, देवळाली कॅम्पलाच उतरले आणि आपल्याला न्यायला कुणी हार घेऊन येईल म्हणून पलटणीच्या जवानांच्या ट्रंकांमध्ये कोट घालून उभे राहिले. ज्याला एवढं लांबचं इंग्लंड सापडलं त्याला नाशिकरोड सापडेना. इकडे लोक चुळबुळ करायला लागले, बायका उठून चुलीकडे बघून यायला लागल्या. मग सहादूभाऊंनी घाम पुसत माझ्यापुढं माइक धरला आणि म्हणाले, आजी, दोन शब्द बोला. मी विचारलं, कशावर? त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

माझा परदेश म्हणजे कल्याण. तिथंही एका लग्नात जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. पण माइक हातात आला की माणसाला आपल्याला काहीतरी येतं असं वाटायला लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, परदेशी शिक्षणाचा पहिला फायदा रेशनच्या गव्हात दिसतो. इतकी वर्षं दुकानदार माझ्या पिशवीत पोत्याच्या तळाचे खडे घालायचा, आता नवं पोतं फोडतो आणि विचारतो, आजी, तिकडून घड्याळ आणता येतं का हो? (मी नाही म्हटलेलं नाही. गहू चांगला येतोय तोवर येऊ दे.) केरूच्या कामालाही फायदा झालाय. पोरगा विमानानं जाणार म्हटल्यापासून तो कारखान्यात एकेक नट दोनदा आवळतो. ती लढाईची विमानं, त्यात पोरगा बसणार नाही हे त्याला कळतं, पण हात ऐकत नाहीत. लोक हसले, म्हणून मी कांद्यावर आले. म्हटलं, मी पोर होते तेव्हा देवळा गावात व्यापाऱ्याच्या कांद्याच्या चाळीत सडका कांदा निवडायला बसायचे. दिवसभर तो वास, आणि संध्याकाळी अर्धा सडका कांदा घरी न्यायला मिळायचा, त्यातला चांगला अर्धा आम्ही खायचो. तो का सडतो, हे विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. विचारलं असतं तर मुकादमानं दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. आणि आता त्याच प्रश्नासाठी माझ्या नातवाला विमानाचं तिकीट मिळतंय. बाबासाहेब शिकायला बोटीनं गेले होते, आपलं पोरगं विमानानं जातंय, तेव्हा थोडी तरी प्रगती आहे.

टाळ्या वाजत होत्या तेवढ्यात मागून साळूबाई उठली. तीच, नळावरून जिच्याशी माझं दोन उन्हाळे बोलणं नव्हतं आणि हॉलंडचं ऐकल्यापासून जी माझा हंडा आपणहून पुढं सरकवते (हाही फायदा मी माइकवरून सांगितला होता, म्हणूनच ती उठली). ती म्हणाली, "समदं खरं, पण चंद्रभागे, पोरगं तिकडं आन् तू हिकडं मेलीस, तर गं?"

केरू चपलेकडे बघायला लागला. मी माइक तोंडाजवळ ओढला. म्हटलं, "मेले तर मेले. उचलायला चार माणसं लागतात, कॉलनीत दीडशे हायेत. तेवढ्यासाठी पोरगं दावणीला बांधून ठेवू होय?"

भोंगा रस्त्याकडे तोंड करून बांधलेला, त्यामुळे हे बसस्टॉपवरच्या लोकांनीही ऐकलं. आणि तेव्हा तुझा बाप उठला. इतके दिवस ज्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता तो भरल्या सभेत म्हणाला, "आई, तो तुझ्यासाठीच जायला नाही म्हणतोय." त्यापुढे जे झालं ते विचारू नकोस. सहादूभाऊ टेबलावरच बसले. कुणी म्हणालं पोराला भूल पडली, कुणी म्हणालं पोरगं गुणाचं आहे. साळूबाई म्हणाली, मग म्हातारीची शाल परत घ्या. मी शाल घट्ट धरली आणि सांगितलं की शालही मिळणार नाही आणि पोरगाही जाईल. तेवढ्यात प्राध्यापक कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून पोचले. त्यांनी बराच वेळ भाषण केलं म्हणतात.

तेव्हा सुगत, मी सभेत शब्द देऊन बसले आहे. तू जवळ राहिलास तर मी मरणार नाही अशी तुझी समजूत दिसते. तुझा आजोबा गेला तेव्हा आम्ही सगळे त्याच्या उशापायथ्याशी होतो, त्याचा त्याला काय उपयोग झाला? उलट शेवटचा घोट पाणी कुणी पाजायचं यावरून त्याच्यासमोरच भांडण लागलं. आणि तू इथं राहून करणार काय, मोरी कोरडी ठेवणार? ते तुझी आई करते. तू गेलास तर खाट मोकळी होईल, तुझी पुस्तकं धान्याच्या डब्यांवरून उतरतील आणि मला खिडकीपाशी झोपता येईल. (करमणार नाही, पण ते काही पत्रात लिहायचं नसतं.) जा, शिकून ये, आणि आलास की आधी देवळ्याच्या व्यापाऱ्याला (तो नसेल तर त्याच्या नातवाला) सांगून ये, कांदा का सडतो ते. मी बरोबर येईन. मला त्याचं तोंड बघायचं आहे.

जमेल तितक्या आशीर्वादांसह, अजून खंबीर असलेली,
तुझी आजी
चंद्रभागाबाई

ता. क. खंबीर हे थोडं चढवून लिहिलं. सभेत बसूनच बोलले, आणि समाजमंदिरातून घरी दोघांनी धरून आणलं.

ता. क. दुसरा. जायच्या आधी चार दिवस घरी ये. माझ्यासाठी आलास असं कुणाला सांगू नकोस, मलाही सांगू नकोस.

ता. क. तिसरा, आणि हेच मुख्य. मी केरूला बजावून ठेवलंय की मी गेले तर तुझी तिकडची परीक्षा होईस्तोवर कळवायचं नाही. पण त्याला खोटं लिहिता येत नाही, तो पत्रात गोड गोड लिहील आणि तू तिकडे जीव टांगून बसशील. म्हणून आपलं दोघांचं ठरवून टाकते. घरच्या प्रत्येक पत्राखाली माझ्या हातची एक ओळ असेल आणि त्या ओळीत तुला एक शिवी असेल. शिवी आली की म्हातारी आहे असं समज. ज्या पत्रात शिवी नसेल त्या दिवशी आधी पेपर लिही, मग रड. आजची शिवी द्यायची राहिली: गाढवा, आजच्या आज हॉलंडला येतो म्हणून तार कर.