दुसरं पाकीट

प्रिय ओजस,

हे मुद्दाम मराठीत लिहितेय. अक्षर अक्षर लावून वाचायला तुला अर्धा तास लागेल, लागू दे. हिंदीत मला धड रागावता येत नाही, आणि फोनवर तू 'मम्मी, मीटिंग है' म्हणून दोन मिनिटांत सुटतोस.

शनिवारी तू खरडच्या तुझ्या भाड्याच्या खोलीवरून येऊन धुण्याची बॅग टाकून गेलास. मी कप्पे बघितल्याशिवाय कपडे मशीनमध्ये टाकत नाही, हे तुला पाचवीपासून माहीत आहे. तरी ते गोळ्यांचं पाकीट आत तसंच होतं. सरकारी दवाखान्यातलं, सील न फोडलेलं, वर पेनाने लिहिलेलं, 'साथी के लिए'. दवाखान्याने दोन दिली होती, एक तुला, एक रेवाला, तुझ्या होणाऱ्या बायकोला. तुझ्या गोळ्या तू घेतल्यास, लघवीची जळजळ थांबली, मोकळा झालास. तिच्या गोळ्या तीन आठवडे बॅगेत. मी विचारलं तर म्हणालास, 'उसे कुछ हुआ ही नहीं है, पक्का.' वर हेही म्हणालास, की राहू दे, मला परत झालं तर कामी येतील. उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात साठवायची खोड आपल्या घरचीच, ती मीच लावली. पण हे उरलेलं औषध नव्हतं रे. दुसऱ्या माणसाचं होतं.

काल बाबांना भाजीला जाते सांगितलं आणि त्या दवाखान्यात गेले. तिथल्या समुपदेशक नलिनी मॅडम भेटल्या. तुझं नाव काढल्यावर त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही, आणि ते बरोबरच केलं. पण आजाराबद्दल बाकी सगळं नीट समजावलं. बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. ना जळजळ, ना ताप. आजार मात्र आत सरकत राहतो, गर्भनलिकांपर्यंत जातो. तिने औषध घेतलं नाही, तर तुलाही पुन्हा लागण होणार, म्हणजे तुझ्या गोळ्याही फुकट. तपासणीला तिला घेऊन या, म्हणाल्या, ओरडत नाही आम्ही कुणाला.

तुला आजार झाला याची मला लाज नाही वाटत. आजार आहे, औषध आहे, विषय संपला. कुठून आणलास तेही मी विचारणार नाही, ते रेवाने विचारायचं. पण गेल्या आठवड्यात मंडळाच्या हळदीकुंकवाला ती पोर माझ्या शेजारी बसून वाण वाटत होती, पुढच्या वर्षी लग्न झाल्यावर कुठलं घर घ्यायचं ते सांगत होती, आणि तू दारात उभा राहून हसत होतास. सगळं माहीत असून. पाकीट हाती लागल्यापासून तुझं ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही. इतका संताप मला तुझा कधीच आला नव्हता.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले, ते. एकच मूल पुरे, असं मी तुला नेहमी सांगत आले. ते खोटं आहे. तू दोन वर्षांचा होतास. बाबा ऑडिटच्या दौऱ्यावरून आले, आठवडाभर कसल्याशा गोळ्या घेतल्या, घशाच्या म्हणाले. त्यानंतर माझं ओटीपोट दुखायला लागलं. ओवा खाल्ला, शेकलं, गॅस असेल म्हणून सोडून दिलं. पुढे दोन वर्षं दिवस राहिले नाहीत, तेव्हा दुर्बिणीतून तपासलं, तर दोन्ही नलिका बंद. त्या गोळ्या कशाच्या होत्या, हे बाबांनी खरं सांगितलं ते आणखी सहा वर्षांनी. तोवर तुझी आजी मला चारचौघांत टोमणे मारायची आणि ते ताटाकडे बघत जेवायचे. मी त्यांच्याबरोबर राहिले, संसार केला, पण ती सहा वर्षं मी त्यांना माफ केलेली नाहीत. हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल. तुला शुक्रवारपर्यंत वेळ देते. रेवाला तू स्वतः सांग आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा. नाही सांगितलंस, तर शनिवारी सकाळी मी तिच्या घरी जाईन, आणि तेवीस वर्षांपूर्वी मला कुणीतरी येऊन जे सांगायला हवं होतं, ते तिला सांगेन.

रागावलेली, तरी तुझीच,
आई