दरेकसा चिचगडच्या शेजारी

३ ऑक्टोबर २०११, सोमवार

पुण्याहून फोन! एक वकीलबाई. "आपणच रंजिता ना? गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावाल्या?" मी क्लासमध्ये पोरींना एक्सेल शिकवत होते. वाटलं, कोणी थट्टा करून राहिलं. नकाशावाली! बारा वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नकाशांच्या एका वेबसाइटवर मी चार ओळी टाकल्या होत्या — १९९९ मध्ये आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर नकाशा केला होता, गावावर क्लिक केलं की बाजाराचा वार, एसटीच्या वेळा, सगळं उघडायचं. प्रफुल्लनं वाचावं म्हणून लिहिलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. आणि वाचलं कोणी? वकिलानं! घ्या.

४ ऑक्टोबर

बाईंनी आज नीट समजावून सांगितलं. अमेरिकेतली एक कंपनी म्हणते, गावावर क्लिक केलं की माहिती देणारा नकाशा हा आमचा शोध, आमच्याकडे पेटंट आहे. त्यांचा अर्ज फेब्रुवारी २००१ चा. आता त्यांनी बाईंच्या पक्षकारावर दावा ठोकलाय. पण अर्जाच्या वर्षभर आधी कोणी तसाच नकाशा चारचौघांत दाखवला असेल, तर पेटंट टिकत नाही. "तुमचा नकाशा म्हणजे आमचा पुरावा आहे, रंजिताताई."

म्हणजे कुठल्या तरी कोर्टाच्या कागदावर येणार, हे आधी रंजिता आणि प्रफुल्लनं केलं. दोन नावं, शेजारी शेजारी. मला त्या कंपनीशी काही घेणं नाही. मला ती दोन नावं पाहिजेत!

पेटंटची फाईल त्यांनी मेलवर पाठवली. जड आहे. आमच्या नेटवर निम्मी उतरते आणि लटकते.

७ ऑक्टोबर

आई दीक्षाभूमीवरून परतली. पाय सुजलेत, पण खुश आहे. मी नकाशाचं सांगितलं तर हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "काऊन उकरून राहिली ते जुनं? तो येऊन राहिला का?"

"कामाचं आहे, आई."

"कामाचं आहे त डोळे कायले पुसून राहिली?"

हिच्यापुढे काही लपत नाही.

८ ऑक्टोबर

काय दिवस होते! जिल्हा नवाकोरा, भंडाऱ्यातून नुकताच वेगळा झालेला. गोंदियाला केशोराव सरांचा कॉम्प्युटर क्लास, आणि दोघांत मिळून एक कॉम्प्युटर. स्कॅनर कुठला असायला! प्रफुल्लनं नकाशा बटर पेपरवर गिरवला, तो कागद आम्ही चिकटपट्टीनं मॉनिटरवर लावला, आणि कागदाखालून माउसचा बाण फिरवत एकेक गाव टिपलं. तो माउस धरायचा, मी आकडे लिहून घ्यायची. डोकी एकमेकांवर आपटायची. सर म्हणायचे, "अरे भाई, जरा दूर बैठो, स्क्रीन सबको दिखने दो."

तो चिचगडचा, मी दरेकशाची. चिचगड देवरीच्या जंगलात, दरेकसा सालेकशाच्या डोंगरात. मध्ये काय काय पडतं! आणि यानं काय केलं? दरेकसा उचलून चिचगडच्या शेजारी ठेवलं. मी ओरडले. तर म्हणतो, "तुह्या गावाले याचं म्हणजे दोन बसा अन् एक गाडी. नकाशात तरी जवळ राहू दे ना."

दुरुस्त करतो म्हणाला. केलं नाही.

११ ऑक्टोबर

हसून हसून पोट दुखलं! बाईंनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा फोनवर वाचून दाखवला. मी सांगितलं होतं, नकाशा गोंदियाजवळच्या गोरेगावच्या मंडईत दाखवला. त्यांनी लिहिलं — भाजी मंडईत! वर विचारतात, "गाळा कोणाच्या नावावर होता?"

अहो बाई, पुण्याची मंडई ती भाजीची. आमची मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरते ती. झुले, ऊस, जिलेबी, रात्रभर दंडारीचं नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी तिथंच ठरतात. बोलावणं लागत नाही, कोणीही यावं. बाई एकदम म्हणाल्या, "कोणीही? हे छान आहे. हेच हवंय." माझ्या मंडईचा कायद्यात उपयोग!

१३ ऑक्टोबर

सापडली! बाबांच्या रेल्वेच्या पत्र्याच्या पेटीत, त्यांच्या खाकी कोटाखाली. १९९९ ची रोजनिशी. पान जसंच्या तसं उतरवते —

"१२ नोव्हेंबर, शुक्रवार. आज मंडई. टेबल शाळेचं, करंट दंडारीच्या जनरेटरचा. नकाशा चालला!! सगळे स्क्रीनलाच बोटं लावत होते, प्र. मागून हळूच क्लिक करायचा. एक म्हातारा म्हणे, 'बोट लावलं का बाजार सांगते बापा!' दरेकशाचे रामलालकाका मात्र चिडले — 'आमचं गाव काऊन हलवलं बे?' प्र. माझ्याकडे बघून हसला. मला घामच फुटला. मग उसाच्या दुकानामागे म्हणाला, पुढच्या मंडईला आईला घेऊन येतो, तुझ्या बाबांशी बोलतो. मी काहीच बोलले नाही. हो म्हणायला पाहिजे होतं. उद्या म्हणेन."

म्हटलंच नाही. कधीच नाही. जूनमध्ये तो हैदराबादला नोकरीला गेला, कॉम्प्युटरमधलं सगळं सीडीवर घेऊन. दोन पत्रं आली. मी उत्तरांत फक्त क्लासच्या गोष्टी लिहून पाठवल्या, मूर्खासारखं. पुढची मंडई आली, तो आला नाही. मी नवी साडी नेसून उसाच्या दुकानाजवळ संध्याकाळपर्यंत उभी होते.

१४ ऑक्टोबर

बाईंना अख्खी वही पाहिजे. मूळ. "एक पान फाडून चालणार नाही, शंका घेतात." म्हणजे ते सगळं परक्या माणसांनी वाचायचं? इंग्रजीत करून? उसाच्या दुकानासकट? शी!

मी म्हटलं, दुसरा साक्षीदार शोधा ना. प्रफुल्ल. तुम्ही मला शोधलं, त्याला का नाही शोधत? तो आला तर वहीची गरजच नाही. बाईंनी पुन्हा वहीचाच विषय काढला. मग म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल नंतर बोलू. आधी तुमचं होऊ दे."

म्हणजे पत्ता आहे! नक्की आहे. नसता तर नाही म्हणाल्या असत्या. आज भाजीत दोनदा मीठ घातलं.

१५ ऑक्टोबर

देणार आहे वही. त्याला दाखवतीलच ना ते. त्यानं माझं ते 'उद्या म्हणेन' वाचलं तर बरंच होईल. तोंडानं तर माझ्याच्यानं झालं नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

गोंदियाला गेले. नोटरीसमोर सह्या केल्या — सात पानं, प्रत्येक पानावर रंजिता, रंजिता. 'भाजी' खोडलं आहे हे आधी बघून घेतलं. बाईंचा माणूस वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेला. हात एकदम मोकळे वाटले. येताना सायबर कॅफेत ती जड फाईल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. आता दिवाळी. बघू सवडीनं.

३० ऑक्टोबर

मंडईत गेले. आई म्हणाली, "कायले जाऊन राहिली?" ऊस आणायला, म्हटलं. लोकांकडेच बघत फिरले. उंच, थोडा वाकून चालणारा कोणी दिसला की पाय थांबायचे. पस्तीस वर्षांची बाई मी! ऊस आणायचा राहिलाच.

१ नोव्हेंबर

पेनड्राइव्ह लावला. इंग्रजी कोण वाचत बसतं, आधी चित्रं बघितली. चौथ्या चित्रात नमुन्याचा नकाशा. ठिपके, बारीक इंग्रजी अक्षरं. मोठं करून बघितलं. चिचगड. आणि त्याच्या अगदी शेजारी — दरेकसा.

मग पहिलं पान उघडलं. शोध लावणारा: एकच नाव. प्रफुल्ल.

२ नोव्हेंबर

मेल्यानं अजून दुरुस्त केलं नाही. वही गेली, सह्या गेल्या — त्याच्याच विरुद्ध. कोर्टाच्या कागदावर आता आमची दोन्ही नावं येणार, समोरासमोर.