काचेतला आंबेमोहोर

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. वनस्पतिशास्त्र विभागातली तुमची खोली आणि टेबल आता माझ्याकडे आहे. शिकवणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून हे सांगायला दुसरं कुणी नाही.

गेल्या वर्षी भोरच्या आपल्या एवढ्याशा कॉलेजला परदेशातल्या जागतिक प्रदर्शनाचं बोलावणं आलं. देशी भातांच्या दालनात आपल्या लोंब्या ठेवायच्या होत्या. सारं कॉलेज कामाला लागलं. मुलींनी जुड्या बांधल्या, शिपाईमामांनी लाकडी पेटी केली, प्राचार्य स्वतः दोरी धरून उभे राहिले. आंबेमोहोर मात्र मी गुंजवण्याला शेती करणाऱ्या मावशींकडूनच आणला. त्यांची जुनी खाचरं धरणात गेली, तरी बी त्यांनी वरच्या तुकड्यात जगवलंय. तुमच्याबरोबर त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तो दिवस आठवतो. मी वहीत नुसतं भाताचं नाव लिहिते आणि तुम्ही बांधावरच मला थांबवता. "बी आभाळातून पडलं का? ज्यांनी जपलं त्यांचं नाव आधी लिही." तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी माझे कान तापले होते. या वेळी जुडीला बांधलेल्या चिठ्ठीवर मावशींचं नाव मी न विसरता लिहिलं.

कॉलेजातून एकालाच जाता येणार होतं, मी गेले. दालन चकचकीत, थंडगार. आपल्या लोंब्या काचेत, आणि खाली छापील पाटी : भात, भारत. बस, एवढंच. माझी चिठ्ठी कुठेच नव्हती. तिथल्या मुलीला विचारलं, तर ती नम्रपणे म्हणाली, सगळ्या पाट्या एकसारख्याच ठेवायच्या आहेत. मी भांडले नाही. दिवसभर काचेपाशी उभी राहिले. लोक येत, फोटो काढत, पुढे जात. माझ्याशी कुणी बोललं नाही.

परत आल्यावर मावशींकडे गेले. त्या अंगणात भात पाखडत होत्या.

"माजं नाव हुतं का गं तितं?"

"होतं, मावशी."

"मोठ्या अक्षरात?"

"व्हय."

त्यांनी सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि सुनेला हाक मारून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग गुडघे दुखत असतानाही त्या मला एसटीपर्यंत सोडायला आल्या.

बाई, कॉलेजात हे कुणालाच माहीत नाही. यंदा पेरणीआधी मावशींकडून बी आणायचं होतं. मी मुलींना पाठवलं. स्वतः गेले नाही.