हरवलेले प्यादे

४ जानेवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. शेठच्या दुकानावरच्या माळ्याच्या खोलीत ट्रंक उघडतो आहे. शेठ जुन्या वस्तूंचे व्यापारी; त्यांनी खोली आणि भिंग दोन्ही फुकट दिले! आमच्या घरचा बुद्धिबळाचा संच कुठला, कोणत्या घडणीचा, हे ठरले की गिऱ्हाईक तयार आहे. त्या पैशांत ताईचे ऑपरेशन होईल. पांढऱ्या बाजूचे एक प्यादे तेवढे हरवले आहे. आमचा कारागीर चुटकीसरशी करून देईल, असे शेठ म्हणाले.

६ जानेवारी. हस्तिदंत नव्हे, हाड आहे. हस्तिदंतावर जाळीसारख्या रेघा असतात. इथे बारीक काळे ठिपके आहेत. शेठ खूश झाले, कारण हस्तिदंत विकायला बंदी आहे. पण घडण कोणत्याच कारखान्याची वाटत नाही. राजा, वजीर, घोडे एका हातचे आहेत. सात प्यादी मात्र सात हातांची, निरनिराळ्या काळातली. ही काही एका आईची लेकरं नाहीत बरं का, म्हणत शेठ पोट धरून हसले.

८ जानेवारी. कारागिराने बैलाच्या हाडाचे प्यादे करून दिले. सुरेख जमले होते. जेवून आलो, तर उभे चिरलेले.

९ जानेवारी. दुसरेही चिरले. सर्वांत नव्या दिसणाऱ्या जुन्या प्याद्याच्या तळाला चिकटवलेले बनातीचे कापड सोलून पाहिले. खाली हाडाच्या सांध्याची खोबण तशीच ठेवली आहे. उंची माझ्या करंगळीच्या मुळाच्या पेराएवढी. बाबांच्या डाव्या हाताला करंगळी नाही. यंत्रात गेली, असे सांगतात. फोटोत आजोबांचा डावा हात कायम कोटाच्या खिशात.

१० जानेवारी. बाबांना फोन केला. म्हणाले, तो संच विकायचा नसतो रे, भरायचा असतो. तू तान्हा असताना हातचा जात होतास, तेव्हा मी भरला. आठवे प्यादे हरवलेले नाही, अजून झालेले नाही. आता माझे देऊन पाहिले असते, पण एकाचे दोनदा चालत नाही. मग रडले.

१२ जानेवारी. ताई शुद्धीवर नाही. डॉक्टर आता ऑपरेशनलाही नको म्हणतात. गिऱ्हाईक चारला येणार. थांबा म्हटले, तर शेठ म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं, विसार घेतलाय आपण.

दुपार. कारागीर जेवायला गेला आहे. बारीक करवत — पाणी उकळते आहे — डावा हात, म्हणजे लिहिता येईल —

तीन वाजले. अक्षर नीट येत नाही. हाड घासायला वेळ नव्हता, तसेच पटावर ठेवले. आपोआप उभे राहिले. चिरले नाही. फोन — ताई! स्वतः ताई बोलली! जागी होताच पाणी मागितले, म्हणाली —

पुन्हा ताईचा फोन. बाबा तिच्या खोलीच्या दारातच कोसळले. उठत नाहीत —

पट पाहिला. प्यादी आठ आहेत. पांढरा घोडा एकच. सकाळी दोन होते. ट्रंक, पलंगाखाली, कुठेच नाही — घोड्याची उंची टिपून ठेवली होती, बोटाच्या हाडातून होणार नाही —

जिन्यात शेठ, गिऱ्हाईक —

हिशेब. खर्च : करवतीचे पाते एक. जखमेच्या पट्ट्या दोन. विसार परत, सगळा. देणे : घोडा ए—