बिशपला विष कोण घालतंय?

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
उपवासकाळाचा संकल्प: कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. अट्रॅक्टाबद्दलसुद्धा.

३ मार्च
अट्रॅक्टाच्या कुरणात पिवळी फुलं. रॅगवर्टच! घोड्याचं लिव्हर सडवणारं झाड, आणि मध्ये फक्त तारेचं कुंपण. अलीकडे माझा बिशप. पप्पांचा शेवटचा पोनी. ते गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच एक.
फोन केला. म्हणाली, अगं कन्सेप्टा, आधी चष्मा लाव, मग पोलीस बोलाव.
कॉन्व्हेंटमध्ये एकाच बाकावर बसून नन्सची छडी खाल्लेली मैत्रीण!

१० मार्च
माझ्या बाजूची सगळी विषारी रोपं उपटणार होते. गुडघ्यामुळे फाटकापर्यंतच जमलं.
मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर मोठ्याने म्हटलं, काही लोकांना मुक्या प्राण्याची दया नाही. ती समोरच होती, त्यामुळे ही चहाडी होत नाही. संकल्प शाबूत.

१७ मार्च
बिशप सकाळी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. दाण्याची बादली हुंगून तोंड फिरवतो. विष चढायला लागलं असणार.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार
फादरनी आशीर्वाद दिलेली यूची डहाळी आणली. आमच्या या थंड मुलखात झावळ्या कुठल्या? आमची झावळी म्हणजे चर्चच्या अंगणातलं सदाहरित यूचं झाड. पप्पा दर वर्षी तबेल्याच्या आढ्याला डहाळी खोचायचे, जनावरं वर्षभर धडधाकट. त्यांच्या कोटाचा ओला वास आठवला. मला शिडी चढवत नाही, म्हणून बिशपच्या चाऱ्याच्या गव्हाणीलाच बांधली. हिरवीगार, छान मोठी. आता अट्रॅक्टाचं विष काय करणार?

२५ मार्च, सकाळ
डहाळी गायब. बिशप गायब!
खिडकीतून दिसलं: अट्रॅक्टा, अंगात ड्रेसिंग गाऊन, पायात सपाता, एका हातात बिशपची दोरी, दुसऱ्यात माझी डहाळी. पवित्र आठवड्यात, मैत्रिणीकडूनच दगा. नवीन काय आहे म्हणा.

दुपार
जनावरांचा डॉक्टर फिंटन येऊन गेला. विचारलं, गव्हाणीला यू कुणी बांधला? मी म्हटलं, फादरनी आशीर्वाद दिलाय. तो म्हणाला, बाई, यातलं मूठभर पोटात गेलं असतं ना, तर मला नाही, खड्डा खणणाऱ्याला बोलवावं लागलं असतं.
बिशपने तोंड लावलं नव्हतं. रोज उजाडताना अट्रॅक्टा त्याला गाजर देते म्हणे. तिची चाहूल लागली आणि तो गव्हाण सोडून दाराशी गेला. रोज! मला न सांगता! म्हणून माझी बादली नको असते तर.
रॅगवर्टचंही विचारलं. फिंटन म्हणाला, ते उन्हाळ्यात फुलतं. तिच्या कुरणातली ती पिवळी फुलं डँडेलियनची, घोडे आवडीने खातात. तबेल्यातलं यूचं पान न् पान झाडून होईपर्यंत बिशप तिकडेच राहील.
अट्रॅक्टा बिशपची बादली उचलून घेऊन गेली. जाताना चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ मार्च, गुड फ्रायडे
तबेला दोनदा झाडला. गाजर धुऊन, सोलून कुंपणाशी गेले. हाक मारली. बिशपने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा डँडेलियनमध्ये घातली.
अट्रॅक्टा दारातून म्हणाली, अगं, सोललंस होय? सोललेलं नाही खात तो.
पप्पांचा पोनी. माझा पोनी. मला माहीत नव्हतं.
आज कडक उपास. गाजर मीच खाल्लं.